अंगावर काढण्याची मर्यादा

वृद्ध माणसाचे पोट बिघडले की घरात दोन मते उभी राहतात. या वयात पोट कुरकुरणारच, तेव्हा लंघन करावे, पेज घ्यावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी, असे एक मत सांगते. तर वय झालेल्या माणसाच्या बाबतीत वाट पाहणे हाच खरा धोका आहे, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात या मतभेदाला आणखी एक पदर आहे. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 च्या जनगणनेत ती 8,49,651 पर्यंत उतरली आणि दर 1000 पुरुषांमागे 1036 स्त्रिया अशी नोंद झाली. कमावती माणसे मुंबई, पुणे आणि गोव्याकडे गेलेली आणि गावच्या घरात म्हातारी माणसे उरलेली, अशी स्थिती असंख्य वाड्यांमध्ये असल्यामुळे दुखणे एका ठिकाणी आणि निर्णय दुसऱ्या ठिकाणी, असा प्रकार येथे नित्याचा झाला आहे.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू नीट मांडता याव्यात म्हणून पुढे संवादाची रचना केली आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. अण्णा हे सावंतवाडीजवळच्या एका वाडीत राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक असून घरगुती उपचारांवर आणि वृद्धांच्या स्वतःच्या इच्छेवर त्यांचा भर आहे. त्यांची पुतणी सरकारी रुग्णालयांत अनेक वर्षे काम केलेली परिचारिका आहे.

अण्णा : पोटाचे दुखणे म्हातारपणाला चिकटलेलेच असते, बाय. दात गेलेले, भूक मंदावलेली, चालणे-फिरणे कमी, त्यात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि सांध्यांच्या गोळ्या. अशा माणसाच्या पोटात गॅस धरला, दोन दिवस परसाकडे झाले नाही किंवा बांगड्याचे तिखले जड गेले, म्हणून लगेच गाडी बोलावणे शहाणपणाचे नाही. ओव्याने, हिंगाच्या पाण्याने आणि उकड्या तांदळाच्या पेजेने जे बरे होते ते घरीच बरे होऊ द्यावे. शिवाय घरचा उपचार म्हणजे अडाणीपणा असेही नाही. 1971 साली बांगलादेशच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले. आज जिला जलसंजीवनी म्हणतात तिचा कस असा घरच्या माणसांच्या हातीच लागला.

परिचारिका : ते अगदी खरे आहे, अण्णा, आणि जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येक घरात असावीत. पण त्या छावणीत रोग कोणता हे ठाऊक होते आणि शरीरातून काय कमी होत आहे हेही दिसत होते. साध्या जुलाबांत हाच मार्ग योग्य ठरतो, मात्र वृद्ध माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पाजलेले पाणी पोटात ठरले पाहिजे, लघवी होत राहिली पाहिजे आणि माणूस नेहमीसारखा जागा व बोलता असला पाहिजे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागली नाही म्हणून पाणी कमी पडलेले नाही असा अर्थ काढता येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाची त्वचा आधीच सैल असल्यामुळे चिमटीत धरून पाहण्याची खूणही फसवते. म्हणून जीभ कोरडी पडली, सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, उठून बसताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पाणी घोटाघोटाला उलटून पडू लागले, तर पेजेचा काळ संपला असे समजावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना पाणी किती द्यावे, आणि जुलाब चालू असताना रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू ठेवाव्यात की नाहीत, हेही डॉक्टरांना त्याच दिवशी विचारले पाहिजे, कारण सुकलेल्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

अण्णा : जुलाबांचे पटले. पण दुखण्याची परीक्षा तर सोपी आहे. माणूस कळवळत असेल तर न्यावे, निपचित पडून असेल तर राहू द्यावे. फार दुखत असते तर तो ओरडला नसता का?

परिचारिका : नेमकी येथेच मोठी फसगत होते. पोटाच्या आतल्या बाजूला उदरावरण नावाचा पातळ पडदा असतो. आतडे फुटले किंवा जठरव्रणाला, म्हणजे जठरातील जखमेला, छिद्र पडले की तो पडदा चिडतो आणि तरुण माणसाचे पोट फळीसारखे कडक होते, ताप चढतो, नाडी धावते. वृद्ध माणसात पोटाचे स्नायू क्षीण झालेले असतात, वेदनेची जाणीव बोथट झालेली असते आणि जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसादही मंद असतो, त्यामुळे आत तेवढाच गंभीर प्रकार घडूनही पोट मऊ लागू शकते, ताप येत नाही, कधी अंग उलट गार पडते आणि रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतीलच असे नाही. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर लक्षणे आणखी झाकली जातात, आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर आतून रक्त जात असतानाही नाडी जलद होत नाही. आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजे अपेंडिक्स सुजणे, हा तरुणांचा रोग मानला जातो; तो वृद्धांना होतो तेव्हा लक्षणे अशी अंधुक असल्यामुळे निदान होईपर्यंत ते फुटलेले असण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते. निपचित पडणे हे बरे वाटण्याचे चिन्ह नव्हे. उदरावरणाच्या दाहात हालचालीने वेदना वाढते म्हणूनच माणूस हलत नाही.

अण्णा : म्हणजे दुखणे थोडे असले तरी भीती, आणि फार असले तरी भीती. मग घरच्या माणसाने मोजायचे तरी काय?

परिचारिका : कालचा माणूस आणि आजचा माणूस यांतला फरक मोजायचा. जो काल वर्तमानपत्र वाचत होता तो आज वार विसरतो, जी काल अंगण झाडत होती ती आज उठून बसत नाही, जो कधी जेवण सोडत नाही तो ताटाकडे बघतही नाही, अशा बदलाला वृद्धांच्या आजारात तापापेक्षा अधिक किंमत आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने खाणे सोडले आणि तो घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला, तर रक्तातील साखर घसरली असण्याचा संभव असतो. तो गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यावी आणि लगोलग निघावे. वेळेचे मापही आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद झॅकरी कोप यांनी तीव्र पोटदुखीच्या निदानावर 1921 साली लिहिलेल्या ग्रंथात असा नियम सांगितला की, तोवर बऱ्यापैकी निरोगी असलेल्या माणसाचे जोराची पोटदुखी सहा तासांपर्यंत टिकली तर त्यामागे बहुधा शस्त्रक्रियेच्या कक्षेतला विकार असतो. शंभर वर्षे उलटली तरी हा नियम शिकवला जातो.

अण्णा : म्हणजे सहा तास थांबायला हरकत नाही.

परिचारिका : तसा अर्थ काढू नका, अण्णा, ती शेवटची सीमा आहे, मुदत नव्हे. काही खुणा दिसल्या तर सहा मिनिटेही थांबायचे नाही. पहिली खूण रक्ताची. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काही दिसले तर ते सहज लक्षात येते. परंतु जठरातून झिरपलेले रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत काळे होते आणि शौचास डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे होते, जे पाण्याच्या एका तांब्याने भांड्यावरून सुटत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण त्याला ती चिकट चकाकी आणि तो वास नसतो. म्हातारी माणसे हे सांगत नाहीत, आणि दृष्टी मंद असेल तर त्यांना ते दिसतही नाही, म्हणून कोणीतरी स्वतः पाहिले पाहिजे. सांध्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आणि हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी या दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. दुसरी खूण आतडे अडल्याची: पोट फुगलेले, वात सरत नाही, उलट्या आधी हिरव्या आणि मग तपकिरी व दुर्गंधी. अशा वेळी पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का आणि जांघेत गाठ आहे का, हे पाहायचे.

अण्णा : जांघेतली गाठ पुष्कळांना असते. वर्षानुवर्षे ती वर-खाली होते आणि कोणाला काही होत नाही.

परिचारिका : होते तोवर ठीक, आडवे पडल्यावर आत जाते तोवर ठीक. तिला अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतड्याचा भाग बाहेर येतो. एक दिवस ती आत जात नाही, कडक होते, हात लावू देत नाही, कारण बाहेर आलेले आतडे त्या फटीत आवळले जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि काही तासांत तो भाग सडू शकतो. आजी सुनेला जांघ दाखवत नाही, आजोबा लुंगी सोडत नाहीत. उलट्या होतात म्हणून पित्ताचे औषध चालू राहते आणि खरे कारण वस्त्राआड राहते. म्हाताऱ्या माणसाला उलट्या होत असतील तर जांघ पाहिल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे मानूच नये.

अण्णा : आणि ज्याला सगळे गॅस म्हणतात ते?

परिचारिका : छातीच्या खाली, बेंबीच्या वर दुखते, मळमळते, घाम फुटतो, धाप लागते, आणि घरात सोडा किंवा इनो शोधले जाते. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले की झटका असाच पोटदुखीच्या रूपाने येऊ शकतो, विशेषतः वृद्धांना, स्त्रियांना आणि मधुमेहींना. घरी त्याची परीक्षा होऊ शकत नाही. ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, काढावाच लागतो, आणि रुग्ण पोहोचल्यापासून 10 मिनिटांत तो काढावा असा वैद्यकाचा दंडक आहे. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात आणखी एक प्रकार घडतो: हृदयात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून आतड्याच्या धमनीत अडकते, माणूस वेदनेने तळमळतो आणि पोट मात्र मऊ लागते, म्हणून पाहणाऱ्यांना तो कांगावा वाटतो. उरलेल्या खुणा थोडक्यात सांगायच्या तर हुडहुडी भरून ताप, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणे आणि डोळे पिवळे होणे हे त्रिकूट पित्तनलिकेतील संसर्ग सुचवते. पोट किंवा पाठ अचानक फाटल्यासारखी दुखून भोवळ येणे हे महाधमनीला आलेला फुगा फुटू लागल्याचे चिन्ह असू शकते.

अण्णा : पिवळे डोळे आणि ताप तर आपल्याकडे भातलावणीनंतर लेप्टोचेही असतात.

परिचारिका : तेही लक्षात ठेवायचेच. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून चिखलपाण्यात उतरणाऱ्या आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरणाऱ्या जंतूंचा रोग आहे, आणि सिंधुदुर्गाच्या पावसाळ्याला तो नवा नाही. ताप, पोटऱ्या दाबल्यावर दुखणे, लाल डोळे, उलट्या, पोटदुखी आणि मग कमी होणारी लघवी अशी त्याची वाट असते. शेतात उतरलेल्या माणसाला असे झाले तर डॉक्टरांना चिखलातल्या कामाविषयी आधी सांगावे, म्हणजे औषध वेळेत सुरू होते.

अण्णा : खुणा समजल्या. आता खरी अडचण ऐक. रुग्णालय म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे बांबोळी येते. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत साधारण 60-65 किलोमीटर जायचे. तेथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय 1842 सालच्या परंपरेचे आणि नावाजलेले, पण राज्य दुसरे. जानेवारी 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले आणि दोडामार्ग तालुक्यातून त्याविरुद्ध आंदोलनही उभे राहिले, ते उगीच नव्हे. एकटी सून, अंथरुणाला खिळलेली सासू, कोणाच्या तरी ओटीवर सोडलेली मुले. अशा प्रवासाचा विचारही माणसाला थबकवतो.

परिचारिका : थबकणे समजण्यासारखे आहे, पण प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. पहिली पायरी बांबोळी नव्हे, जवळचे रुग्णालय आहे: सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा रात्री उघडे असलेले दुसरे कोणतेही. शिरेतून पाणी सुरू करणे, ऑक्सिजन देणे, ईसीजी काढणे, फुगलेल्या पोटाचा ताण नाकातून नळी घालून कमी करणे, या गोष्टींना मोठे शहर लागत नाही, आणि स्थिर केलेला रुग्ण पुढचा प्रवास सोसतो. पुढे ओरोसला न्यायचे, जेथे 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, की बांबोळीला, कोल्हापूरला किंवा बेळगावला, हे तेथील डॉक्टर ठरवतील आणि संदर्भपत्र देतील. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते. खर्चाचे म्हणाल तर ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ते कार्ड माणूस धडधाकट असतानाच काढून ठेवायचे.

अण्णा : आणि ज्याला जायचेच नाही त्याचे काय? नव्वदी गाठलेला माणूस म्हणतो, आता नळ्या नकोत, आपल्या पडवीत डोळे मिटू द्या. त्याला उचलून नेणे ही सेवा की जबरदस्ती? तेथे गेल्यावर पुष्कळ म्हातारी माणसे भ्रमिष्ट होतात, माणसे ओळखत नाहीत. हे तरी खोटे आहे का?

परिचारिका : खोटे नाही. अनोळखी जागा, मोडलेली झोप आणि आजार यांमुळे वृद्धांना तात्पुरता भ्रम होतो; म्हणून ओळखीचे माणूस सोबत असावे, चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी बरोबर न्यावी. इच्छेचा मानही राखलाच पाहिजे. पण रुग्णालयात नेणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. आधी काय झाले आहे ते कळते, मग काय करायचे ते ठरवता येते. आवळलेला हर्निया, रक्तस्राव करणारा व्रण, पित्तनलिकेतला खडा हे वय झाले तरी पुष्कळदा बरे होणारे विकार आहेत, आणि नव्वदीच्या माणसाने नळ्यांना नकार दिला तेव्हा त्याच्या मनात हे विकार होते असे धरता येत नाही. शस्त्रक्रिया नको असे ठरले तरी वेदना शमवण्याचे औषध त्याला मिळते. आतडे अडलेल्या अवस्थेत पडवीत काढलेले तीन दिवस शांत मरणाचे नसतात, अण्णा. म्हणून ही इच्छा माणूस सावध असताना, निवांतपणी विचारून ठेवायची. तो बरळू लागल्यावर त्याच्या नकाराचा आधार घ्यायचा नाही.

अण्णा : हा भेद मान्य केला पाहिजे. मग गाडी येईपर्यंत घरी काय करावे?

परिचारिका : त्यापेक्षा काय करू नये हे अधिक महत्त्वाचे आहे. पोट फुगले आणि वात सरत नसेल तर एरंडेल, जुलाबाची गोळी किंवा एनिमा देऊ नये. पोट चोळू नये, बेंबी बसवून घेऊ नये. रक्ताचे जुलाब आणि ताप असताना जुलाब बांधणारी गोळी देऊ नये. आतडे अडल्याचा किंवा पोट फुटल्याचा संशय असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. उलट्या करणाऱ्या, गुंगीतल्या माणसाला कुशीवर ठेवावे. चालू गोळ्यांची सगळी पिशवी, जुनी कागदपत्रे, आणि दुखणे केव्हा सुरू झाले, शेवटची लघवी, शौच व उलटी केव्हा झाली याची वेळ लिहिलेला कागद बरोबर घ्यावा.

अण्णा : एवढे लिहिणे मात्र मास्तराला जमेल.

या संवादात अण्णांची बाजू पूर्णपणे खोडली जात नाही. साधे अपचन, नेहमीच्या सवयीची बद्धकोष्ठता, पाणी ठरत असलेले एक-दोन दिवसांचे जुलाब घरीच बरे होतात, आणि प्रत्येक वेळी गाडी बोलावणारे घर खऱ्या वेळी थकलेले असते. काही लक्षणांना त्या रात्री धाव घ्यावी लागत नाही, पण आठवड्याभरात डॉक्टर गाठावा लागतो: कारण नसताना घटणारे वजन, अलीकडेच बदललेली शौचाची सवय, घास अडकणे, वाढता अशक्तपणा. मतभेद उरतो तो शंकेच्या प्रसंगी, आणि तेथे परिचारिकेची बाजू जड ठरते, कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही. विनाकारण गेले तर एक रात्र आणि थोडे पैसे जातात. उशिरा गेले तर जे गमावले जाते ते भरून येत नाही.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 साली बाळंतपणातील मृत्यूंविषयी लिहिताना उशिराचे तीन टप्पे सांगितले: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसरा टप्पा रस्त्याच्या आणि तिसरा रुग्णालयाच्या हाती असतो. पहिला मात्र संपूर्णपणे घराचा आहे. तो कमी करायचा तर चाकरमान्यांनी गणपतीला घरी आल्यावर सगळ्यांसमोर एवढे ठरवून टाकावे की आई-वडिलांजवळ प्रत्यक्ष जो असेल, मग ती सून असो, शेजारी असो वा गडी असो, त्याचा निर्णय अंतिम राहील; आणि त्याने आधी 108 ला फोन करावा, मुंबईला नंतर.